माझ्याच दुकानावर माझीच पाटी, मग परवानगी कशाला?

भाचीनं सांगलीत विश्रामबागला बेकरीसाठी गाळा भाड्यानं घेतला आणि दुसऱ्याच दिवशी मला फोन केला. कारण उघड आहे, आमचा धंदा पाट्यांचा. वडील ब्रशनं पाट्या रंगवायचे. हरभट रोडवर, गणपती पेठेत शिडी लावून, खडूत बुडवलेल्या दोऱ्यानं आधी रेघा मारायचे आणि मग अक्षर काढायचे. मी लोखंडी अँगल, एसीपी (प्लॅस्टिकच्या दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असलेलं) शीट आणि एलईडीवर आलो. वडिलांच्या काळी गिऱ्हाईक विचारायचं, "रंग किती दिवस टिकंल?" आता विचारतं, "परवानगीचं काही लागतं का हो?"

भाचीला चार बोर्ड हवे होते. एक दुकानाच्या कपाळावर, आतून उजेड पडणाऱ्या अक्षरांचा. दुसरा इमारतीच्या गच्चीवर, लांबून दिसेल असा मोठा. तिसरा कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाला, बाणाची खूण करून. आणि चौथा फुटपाथवर उभा करायचा स्टँडी, 'आज ताजी खारी' वगैरे लिहायला. यादी सांगून झाल्यावर ती म्हणाली, "पण मामा, शेजारचे म्हणतात महापालिकेची परवानगी काढा. माझ्याच दुकानावर माझंच नाव लावायला परवानगी कशाला?"

हा प्रश्न मला गेल्या दहा वर्षांत शंभर जणांनी विचारलाय. तिचं म्हणणं निम्मं खरं आहे, आणि ते निम्मं कुठपर्यंत खरं हे कायद्यातच लिहिलंय. ते एकदा कळलं की उरलेली कटकट बरीच कमी होते.

सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ साली महानगरपालिका झाली. म्हणून इथं चालतो तो महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, मूळ १९४९ सालचा. बोर्डांचा सगळा कारभार त्यातल्या दोन कलमांवर उभा आहे. कलम २४४ आकाशचिन्हांचं आणि कलम २४५ जाहिरातींचं. त्यांच्या पोटातले बारीकसारीक नियम राज्य शासनानं २०२२ मध्ये नव्यानं काढले. तुमचं दुकान साताऱ्यात, विट्यात किंवा तासगावात असेल तर तिथं नगरपरिषद आहे, कायदा १९६५ सालचा, आणि अर्ज आयुक्तांऐवजी मुख्याधिकाऱ्यांच्या नावे. माधवनगर-बुधगावकडे गेलात तर ग्रामपंचायत. हद्द कुणाची हे आधी बघा. शहराच्या कडेला दुकान असलेले लोक कधीकधी चुकीच्या कचेरीत महिनाभर खेपा घालतात.

आता कलम २४५ काय म्हणतं ते. आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय कुणीही जमिनीवर, इमारतीवर, भिंतीवर किंवा सांगाड्यावर जाहिरात लावायची नाही, लावलेली ठेवायचीही नाही. हे वाचून माणूस घाबरतो. पण लगेच खाली सवलत आहे. त्या जागेत जो धंदा चालतो त्याचीच जाहिरात असेल, किंवा तीच जागा विकण्याची वा भाड्यानं देण्याची सूचना असेल, तर परवानगी लागत नाही. दुकानाच्या काचेआड लावलेल्या जाहिरातीलाही नाही. मात्र या सगळ्या सवलतीच्या दारावर दोन अटी उभ्या आहेत: ती जाहिरात उजेडाची नसावी आणि ती आकाशचिन्ह नसावी.

म्हणजे स्वतःला तीन प्रश्न विचारायचे. धंदा त्याच जागेतला आहे का? बोर्डाला उजेड आहे का? आणि बोर्डाच्या मागं आभाळ दिसतं का? पहिल्याचं उत्तर 'हो' आणि उरलेल्या दोघांचं 'नाही' आलं तर तुम्ही कायद्याच्या सवलतीत बसता. एक जरी उत्तर फिरलं तर परवानगी.

माझ्या वडिलांनी आयुष्यभर जे काम केलं, म्हणजे पत्र्यावर किंवा भिंतीवर ऑइल पेंटनं दुकानाचं नाव, ते या सवलतीतलं. आणि मी आज जे रोज करतो ते जवळजवळ सगळं सवलतीबाहेरचं, कारण आता बिनउजेडाचा बोर्ड कुणाला नको असतो. कायदा बदललेला नाही, गिऱ्हाईक बदललं. लोकांचा गोंधळ इथंच होतो: "आमच्या आजोबांच्या दुकानाला कधी परवानगी लागली नाही." लागली नसेल. आजोबांच्या पाटीत ट्यूबलाइट नव्हती.

काचेआडच्या 'उघडे आहे' अशा चमकणाऱ्या बोर्डाचं काय? शब्दशः वाचलं तर उजेडाची अट त्यालाही लागू होते. एवढ्याशा बोर्डासाठी कुणी नोटीस आणल्याचं मी पाहिलेलं नाही, पण अर्ज करतच असाल तर त्याचंही माप त्यात लिहून टाका. एक ओळ जास्त, डोक्याचा ताप कमी.

आभाळाचा प्रश्न

'आकाशचिन्ह' हा शब्द ऐकून लोकांना वाटतं काहीतरी ज्योतिषाचं आहे. अर्थ अगदी साधा आहे. खांब, सांगाडा किंवा कसल्याही आधारावर उभारलेली अशी जाहिरात, जी रस्त्यावरच्या एखाद्या ठिकाणावरून बघितली तर तिचा सगळा किंवा काही भाग आभाळाच्या पार्श्वभूमीवर दिसतो. गच्चीवरचा बोर्ड हे सरळ उदाहरण. जाहिरातीसाठी सोडलेला फुगासुद्धा यात येतो.

यात एक बारकावा आहे, तो फॅब्रिकेटरलाही बऱ्याचदा माहीत नसतो. गच्चीच्या कठड्यावर घट्ट बसवलेला, सलग पृष्ठभागाचा, आरपार न दिसणारा आणि कठड्याच्या वर साधारण तीन फुटांहून जास्त न जाणारा फलक आकाशचिन्हात मोजत नाहीत. पण त्याच कठड्यावर तुम्ही सुटी अक्षरं उभी केली, ज्यांच्या फटींतून आभाळ दिसतं, तर ती दोन फुटांची असली तरी सलग पृष्ठभागाची अट मोडते आणि ती आकाशचिन्ह होतात. सध्या सुट्या अक्षरांची फॅशन आहे. गिऱ्हाईक मोबाइलवर फोटो दाखवतं, "हे असं पाहिजे." मी आता आधी विचारतो की अक्षरांच्या मागं भिंत आहे की आभाळ.

आकाशचिन्हाची परवानगी एका वेळी दोन वर्षांहून जास्त मुदतीची देता येत नाही. आणि मध्येच तुम्ही बोर्डात भर घातली, बदल केला, किंवा तो सगळा वा त्याचा भाग कुजून-गंजून वा अपघातानं खाली आला, तर ती परवानगी तिथंच संपते. 'तोच बोर्ड परत उभा केला' ही सबब चालत नाही. वादळात पडलेला गच्चीवरचा बोर्ड जुन्या कागदावर पुन्हा चढवणारे बरेच आहेत. त्यांच्याकडे परवानगी नसते, परवानगीची आठवण असते.

भाचीचे चार बोर्ड

कपाळावरचा बोर्ड: धंदा तिथलाच, मागं भिंत, पण आतून उजेड. परवानगी लागणार. ती म्हणाली, "मग उजेड काढून टाकू?" मी म्हटलं, बेकरी संध्याकाळी चालते, उजेड ठेव, अर्ज करू.

गच्चीवरचा: आकाशचिन्ह. परवानगी तर लागणारच, शिवाय गच्ची तिची नाही. गाळा एकाचा, गच्ची अख्ख्या अपार्टमेंटची. दर्शनी भिंतीचंही तेच, ती सामाईक असते. गाळेमालकानं "लावा की हो" म्हटलं म्हणून भागत नाही, सोसायटीचा ठराव किंवा लेखी संमती हवी. भाडेकरार करतानाच बोर्डाची जागा, माप आणि 'बोर्ड लावण्यास हरकत नाही' ही ओळ घालून घ्यावी, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येकजण करार झाल्यावरच मला भेटतो.

खांबावरचा बाण: हा विषयच सोडून दे म्हटलं. खांब ना तिचा ना गाळेमालकाचा. धंदा त्या जागेतला नाही, म्हणजे पहिल्याच प्रश्नात नापास. वर १९९५ चा महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम आहे. लोकांच्या नजरेत येणाऱ्या जागेवर लेखी परवानगीशिवाय काही चिकटवलं, लिहिलं, लावलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय विजेच्या खांबाला तार गुंडाळायला माणूस चढवायचा म्हणजे कायद्याआधी जिवाचाच प्रश्न. झाडाला खिळा मारून पाटी लावणारे तर माझ्या दुकानात आले तरी मी काम घेत नाही.

स्टँडी: लहान वस्तू, मोठी भांडणं. फुटपाथ रस्त्याचाच भाग आहे, आणि रस्त्यात अडथळा होईल अशी वस्तू ठेवायला महानगरपालिका अधिनियमात मनाई आहे. कलम २३१ प्रमाणे अशी वस्तू आयुक्त सूचना न देताही उचलू शकतात. लोक तक्रार करतात, "नोटीस न देता उचलून नेला!" नोटीस भिंतीवरच्या बोर्डासाठी असते. रस्त्यात ठेवलेल्या वस्तूसाठी थांबायची सक्ती त्यांच्यावर नाही. तुमच्या पायरीच्या आत, तुमच्या हद्दीत स्टँडी ठेवला तर प्रश्न येत नाही. भाचीनं पायरी रुंद करून घ्यायचं म्हटलं. ते अतिक्रमण होईल, असं सांगून मी तिला तिथंच थांबवलं.

अर्ज कसा जातो

अर्जाच्या फॉर्मबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. नाव, पत्ता, जागेचा तपशील, बोर्डाचं माप, जमिनीपासून उंची, उजेडाचा की बिनउजेडाचा, किती दिवसांसाठी. खरं काम सोबतच्या कागदांत असतं. जागेच्या मालकाची लेखी संमती, घरपट्टी भरल्याची पावती, दुकानाच्या नोंदणीचा किंवा ऑनलाइन सूचनेचा कागद, जागेचा फोटो आणि त्यावर बोर्ड कुठं येणार याची खूण, मापं लिहिलेलं चित्र. गच्चीवरचं किंवा मोठं काम असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला. रस्त्याकडेच्या मोठ्या होर्डिंगला वाहतूक पोलिसांचं ना-हरकत. आणि 'काही झालं तर जबाबदारी आमची' असं हमीपत्र. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात शंभराच्या मुद्रांकावर व्हायची बरीच कामं पाचशेवर गेली आहेत, तेव्हा खिशात शंभराचा हिशेब करून जाऊ नका.

यातला सगळ्यात जास्त अडणारा कागद म्हणजे घरपट्टीची पावती. गाळा तुमचा नसतो, थकबाकी मालकाची असते, आणि त्रुटी तुमच्या अर्जावर निघते. भाचीच्या गाळ्याचं असंच झालं. मालक पुण्यात, दोन वर्षांची घरपट्टी थकलेली. पहिल्या महिन्याच्या भाड्यातून वळती करून तिनंच ती भरली, तेव्हा कुठं फाइल हलली.

शुल्क चौरस फुटावर आणि मुदतीवर ठरतं. भाग कोणता, बोर्ड उजेडाचा आहे का, यावर दर बदलतो. आजचा दर टेबलावर विचारा, गेल्या वर्षीच्या कुणाच्या पावतीवरून अंदाज बांधू नका. दोन गोष्टी मात्र मोजणीआधी विचारून घ्याच. सुट्या अक्षरांचं क्षेत्र अक्षरापुरतं मोजणार की त्यांच्याभोवती चौकट धरून? आणि दोन्ही बाजूंनी दिसणारा बोर्ड एकदा मोजणार की दोनदा? यावर रक्कम दुप्पट होऊ शकते.

जुने व्यापारी अजून याला 'जाहिरात कर' म्हणतात. तो कर घटनेच्या राज्य सूचीत ५५ व्या नोंदीत होता. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीनं, म्हणजे ज्या दुरुस्तीतून जीएसटी आला तिनं, ती नोंद काढून टाकली. आता तुम्ही भरता ते परवान्याचं शुल्क. खिशातून जातात ते पैसेच, पण पावतीवर शब्द कोणता आहे ते बघायची सवय चांगली.

अर्ज दिला की पोच घ्या. आवक क्रमांक आणि तारीख असलेली. "ठेवून जा, बघतो" हे वाक्य ऐकलं की तिथून हलू नका. नम्रपणे उभं राहायचं, पण पोच घेऊनच निघायचं. पुढचं सगळं त्या क्रमांकावर चालतं. २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आहे, त्यात प्रत्येक कार्यालयानं आपल्या अधिसूचित सेवा, त्यांची मुदत, शुल्क आणि जबाबदार अधिकारी कोण हे फलकावर लावायचं असतं. तो फलक शोधा, तुमची सेवा त्यात असेल तर मुदत मोजा, उलटली तर अपील करा. नसेल तर माहितीचा अधिकार आहेच. दहा रुपयांच्या अर्जावर 'माझ्या अमुक क्रमांकाच्या फाइलवर आजवर काय टिपणी झाली' एवढं विचारायचं, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. बऱ्याचदा उत्तर यायच्या आधी परवानगीच येते. भांडण करण्यापेक्षा हा रस्ता स्वस्त आहे.

एक माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाला घाई होती, उद्घाटनाची तारीख पत्रिकेत छापून झालेली. अर्ज दिलाय, परवानगी येईलच, असं म्हणत आम्ही बोर्ड चढवला. परवानगी आली ती मापात कपात करून. बारा फुटांचा बोर्ड नऊ फुटांवर आणायचा होता. एसीपी कापता येतं, पण अक्षरांची मांडणी कापता येत नाही. नवा बोर्ड करावा लागला आणि खर्च निम्मा-निम्मा वाटून घेतला. तेव्हापासून परवानगीचा कागद बघितल्याशिवाय शीटला करवत लावत नाही.

वाऱ्याचा हिशेब

इंजिनिअरचा दाखला हा लोकांना नुसता कागद वाटतो. "त्याला काय, दोन-तीन हजार दिले की मिळतो." म्हणून हे जरा समजून घ्या.

वारा बोर्डावर किती जोरानं ढकलतो हे त्याच्या वेगाच्या वर्गावर ठरतं. वेग दुप्पट झाला तर ढकल चौपट होते. भारतीय मानकात, आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात, याचं साधं सूत्र आहे: वेग मीटर प्रतिसेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ नं गुणा. ताशी १०० किलोमीटरचा वारा धरला तर एका चौरस फुटावर साधारण साडेचार किलोची ढकल येते. भाचीची कपाळावरची १० बाय ३ ची पाटी तीस चौरस फुटांची, म्हणजे सव्वाशे-दीडशे किलो. गच्चीवर तिला हवा असलेला २० बाय १० चा बोर्ड दोनशे चौरस फुटांचा, म्हणजे नऊशे किलोच्या आसपास, तोही जमिनीपासून चाळीस फुटांवर, आणि सगळा भार चार अँकर बोल्टांवर. झोत आणि बोर्डाच्या आकारामुळं वाढणारा जोर यात धरलेलाच नाही. इंजिनिअर तो धरतो, म्हणून त्याचे आकडे याहून मोठे येतात.

आपल्याकडे हा वारा पावसाळ्यात येत नाही, वळवाला येतो. एप्रिल-मेमध्ये दुपारी चारनंतर ढग भरून येतात, धूळ उठते आणि दहा मिनिटांत काम होतं. फ्लेक्स ताणून बांधलेला असेल तर तो शिडासारखा फुगतो आणि सांगाड्यालाच ओढतो. जाणकार फॅब्रिकेटर मोठ्या फ्लेक्सला वारा जायला भोकं ठेवतो. गिऱ्हाईक म्हणतं, "भोकं नकोत, फोटोत साहेबांच्या चेहऱ्यावर येतात."

१३ मे २०२४ ला मुंबईत घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली, तेही वळवाच्याच वाऱ्यात. ते १२० बाय १२० फुटांचं होतं, म्हणजे १४,४०० चौरस फूट. मुंबईत परवानगीची कमाल मर्यादा ४० बाय ४० ची होती. वरचाच साडेचार किलोचा हिशेब लावून बघा, साठ टनांच्या पुढं जातो. आदल्या वर्षी एप्रिलमध्ये पिंपरी-चिंचवडमध्ये किवळ्याला होर्डिंग पडून पाच जण गेले होते. त्याआधी ऑक्टोबर २०१८ मध्ये पुण्यात जुन्या बाजाराजवळ रेल्वेच्या जागेतलं होर्डिंग काढताना खाली वाहनांवर पडलं, चार जण गेले.

घाटकोपरची जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली होती. परवानगी कुणाची हा वाद तिथूनच सुरू झाला. कलम २४५ मध्ये रेल्वेच्या मालमत्तेसाठी वेगळी सूट आहे, पण रस्त्याकडे तोंड असलेल्या भागाला ती नाही. मिरजेसारखं मोठं जंक्शन ज्या शहरात आहे तिथं हा मुद्दा नुसता पुस्तकी नाही. रेल्वेच्या किंवा दुसऱ्या सरकारी खात्याच्या जागेवर होर्डिंगची जागा 'सेट करून देतो' म्हणून कुणी आला, तर त्याच्याकडे जागेच्या करारासोबत महापालिकेचा कागदही मागा.

कागदावर नाव कुणाचं

आता एक गोष्ट साताऱ्याची. बेकायदा होर्डिंगांवरचा राज्यभर लागू झालेला मोठा निकाल निघाला तो साताऱ्यातल्या एका संस्थेच्या याचिकेतून. सुस्वराज्य फाउंडेशननं मुंबई उच्च न्यायालयात २०११ साली जनहित याचिका केली, क्रमांक १५५. सुरुवात सातारच्या जिल्हाधिकाऱ्यांविरुद्ध झाली आणि बघता बघता राज्यातल्या सगळ्या महानगरपालिका त्यात आल्या. जानेवारी २०१७ मध्ये निकाल लागला. बेकायदा फलक काढा, गुन्हे नोंदवा, लोकांना तक्रार करायला सोय ठेवा, आणि परवानगी दिलेल्या फलकावर परवानगीचा क्रमांक आणि मुदत दिसली पाहिजे, असं न्यायालयानं सांगितलं.

म्हणून मी प्रत्येक बोर्डाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक पट्टी ठेवतो, क्रमांक आणि मुदतीची तारीख घालायला. काही गिऱ्हाइकांना ती खुपते, डिझाइन बिघडतं म्हणतात. मी ठेवतोच. महापालिकेचं पथक गाडी घेऊन आलं की सगळ्यात आधी तीच पट्टी शोधतात.

याचा दुसरा पदर वाढदिवसाच्या फ्लेक्सवाल्यांनी वाचावा. विनापरवाना जाहिरात सापडली तर ती ज्याच्या वतीनं लावलेली दिसते त्यानंच ती लावली असं कायदा गृहीत धरतो. 'कार्यकर्त्यांनी उत्साहात लावली, मला माहीत नव्हतं' हे सिद्ध करायचं ओझं ज्याचा फोटो आहे त्याच्यावर. गणपतीतल्या कमानी, देखाव्याचे फलक, तात्पुरते फ्लेक्स यांना दिवसांच्या हिशेबानं तात्पुरती परवानगी मिळते, अर्ज तेवढाच सोपा. तरी दहातले आठ जण ती काढत नाहीत, आणि ते मला छपाईची ऑर्डर देताना हसत हसत सांगतात.

पाटीवरची अक्षरं

परवानगी मिळाली म्हणजे पाटीवर काहीही लिहायला मोकळे असं नाही. दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. नामफलक देवनागरीत मराठी असायलाच हवा, मग दुकानात कामाला दहा जण असोत की एकटी मालकीण असो. दुसरी भाषा चालते, पण मराठी आधी आणि मराठीचं अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको. दारूच्या दुकानांना, बारना महापुरुषांची किंवा गडकिल्ल्यांची नावं देता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईतल्या दुकानदारांना यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली तेव्हा आमच्या धंद्याला दिवाळीआधीच दिवाळी आली होती, इकडं सांगलीतसुद्धा. गंमत म्हणजे तेव्हा घाईत केलेल्या पाट्यांत ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका इतक्या झाल्या की वडील असते तर शिडी घेऊन बाहेर पडले असते.

भाचीला नाव इंग्रजीत मोठं आणि मराठीत खाली बारीक हवं होतं. उलटं करावं लागलं. मराठी नऊ इंच, खाली इंग्रजी सहा. खरं सांगायचं तर जास्त चांगलं दिसतं, देवनागरीला शिरोरेघ असते, बोर्डाला आपोआप एक आधार मिळतो.

मुख्य रस्त्यावर दुकान असेल तर आणखी एक. बोर्डाचा रंग, आकार, उजेड सिग्नलशी किंवा वाहतुकीच्या खुणेशी गोंधळ होईल असा नको, आणि खूण झाकेल असाही नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११६ मध्ये असे फलक हटवायचा अधिकार पोलिसांनाही दिलाय. राष्ट्रीय महामार्गालगत महापालिकेच्या कागदाशिवाय महामार्गाच्या अधिकाऱ्यांचीही परवानगी लागते. लाल-हिरवी लुकलुकणारी पट्टी चौकाजवळच्या दुकानाला लावून द्या म्हणणारे येतात, त्यांना मी पिवळा उजेड सुचवतो. बेकरीला तसाही पिवळाच शोभतो.

शेवटी तिचं काय झालं. गच्चीवरचा बोर्ड तिनं सोडला. सोसायटीची संमती, इंजिनिअरचा दाखला, दर दोन वर्षांनी नूतनीकरण आणि वरचे नऊशे किलो, हे सगळं ऐकून म्हणाली, "मामा, त्या पैशात एक ओव्हन येईल." बाणाचा विषय मी आधीच संपवला होता. स्टँडी पायरीच्या आत उभा राहतो. कपाळावरच्या बोर्डाची परवानगी आली, मापात काही कापलं नाही. २०१९ च्या पुरानं हरभट रोडला बोर्डांच्या वायरिंगचं काय केलं ते मी पाहिलंय, म्हणून विश्रामबाग उंचावर असूनही ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा डबा) आणि स्विच मी वर, फ्रेमच्या माथ्याला बसवले. बोर्ड चढला त्या संध्याकाळी तिनं कोपऱ्यातली पट्टी मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवली आणि मुदत संपायच्या दीड महिना आधीचा अलार्म लावला. मी फ्रेमच्या मागच्या बाजूला तीच तारीख ऑइल पेंटनं लिहून ठेवलीय, ब्रशनं.